मदत हवी आहे: कोरड्या जागेत आडोशासाठी कण्हेर की डोडोनिया?

कुंपण २० मीटर, पश्चिमेचं ऊन, मुरमाड जमीन. दोन-तीन वर्षांत दोन मीटर उंच, दाट आडोसा हवाय. कोनोकार्पस नकोच, मुळं पाइपात घुसतात. कण्हेर चिवट खरी, पण पानापासून खोडापर्यंत विषारी आणि पलीकडे शेळ्या चरतात. म्हणून डोडोनियाकडे कल आहे.

अडलंय ते अंतरावर. एक मीटरवर एकच ओळ पुरेल, की दीड मीटरवर दोन ओळी, एकाआड एक? शेंडा उशिरा खुडला की बुंधा उघडा पडतो. मग पहिली खुडणी ४५ सेंटिमीटरला करावी का? रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच राहतात, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, झाडामागे ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर दोन तास सोडायचा बेत आहे. मुरमात एवढं पुरतं का?