ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवायचं की बंद?

मांडवीतीर: पणजीच्या काठावरून अटल सेतूचे रात्रीचे फोटो घेतोय. ७०-३०० मिमी लेन्स, आयएसओ १००, एफ ८, १० सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. फोटो १०० टक्के मोठा केला की दिव्यांचे ठिपके गोल दिसत नाहीत, स्वल्पविरामासारखी शेपटी येते. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी लेन्समधली सोय, चालूच असतं. दोष त्याचा की ट्रायपॉडचा?

उघडझाप: आधी संशय स्टॅबिलायझेशनवरच घ्या. लेन्समधले जायरो सेन्सर कॅमेऱ्याचं डुलणं मोजतात आणि भिंगांचा एक गट उलट दिशेला सरकवतात. ट्रायपॉडवर मोजण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा सेन्सर स्वतःच्याच बारीक चुकीला हालचाल समजतो. १/२५० सेकंदाच्या फोटोत ते कळणारही नाही, पण १० सेकंदांत भिंग हळूहळू वाहत जातं.

लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, लांबचा एक दिवा १० पट मोठा करा आणि शटर अर्धं दाबून धरा. दिवा चौकटीत सावकाश तरंगताना दिसेल. मग लेन्सवरचा स्विच बंद करून तीच फ्रेम पाच वेळा घ्या.

तिवई: बंद करूनही शेपटी राहिली तर पाय कुठे टेकलेत ते बघा. तरंगत्या जेटीवर ट्रायपॉड लावलात तर एक बोट गेली तरी सगळी फ्रेम हलते, ते कुठलंही स्टॅबिलायझेशन सावरू शकत नाही. मधला दांडा पूर्ण खाली घ्या. लेन्सला कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) असेल तर ट्रायपॉड कॉलरला लावा, कॅमेऱ्याला नको. वारा असेल तर गळ्यातला पट्टा काढा; वजनाला बॅग अडकवलीत तर ती जमिनीला टेकू द्या, लोंबकळती बॅगच झुलते. मिरामारच्या ओल्या वाळूत पाय आधीच दाबून बसवा, नाहीतर एक्सपोजर चालू असताना खचतात.

खारफुटी: सरसकट बंद मात्र नको. चोडणच्या पक्षी अभयारण्यात बोटीतून फोटो घेताना, मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) किंवा गिंबल हेड (जड लेन्स सहज फिरू देणारं ट्रायपॉडचं डोकं) सैल ठेवून पक्ष्यामागे लेन्स फिरवताना चालूच हवं. अर्धं दाबून चित्र स्थिर होईपर्यंत, साधारण सेकंदभर, थांबा. काही नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखून आपोआप थांबतात, काहींवर वेगळा ट्रायपॉड मोड असतो. तरी वरची चाचणी आपल्या लेन्सवर करायचीच.

मांडवीतीर: कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरचं स्टॅबिलायझेशनही वेगळं बंद करावं लागतं का?

उघडझाप: ते कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. काहींमध्ये लेन्सचा स्विच दोन्ही बंद करतो, काहींमध्ये मेनूत जावं लागतं. आणि एक, लेन्स काढण्याआधी कॅमेरा बंद करा आणि आतली घरघर थांबू द्या, म्हणजे भिंगांचा गट जागेवर बसून लॉक होतो.