मदत हवी आहे: जोखीम नोंदवही असूनही प्रकल्प तिसऱ्यांदा लांबला, संघरचना कशी बदलावी?

अडकित्ता
नमस्कार. सोमवारी मला वरिष्ठांपुढे नव्या संघरचनेचा आराखडा ठेवायचा आहे आणि कागद अजून कोराच आहे, म्हणून प्रस्तावना न करता विचारतो. आमच्याकडे जोखीम नोंदवही (संभाव्य अडचणींची यादी) आहे, तिच्यात सत्तरच्या आसपास नोंदी आहेत, दर गुरुवारी तिचा आढावा होतो, लाल-पिवळा-हिरवा असे रंगही दिलेले आहेत. तरीही प्रकल्प तिसऱ्यांदा लांबला. या वेळी जे अंगावर आले त्याची नोंद चार महिन्यांपूर्वीच झालेली होती, परंतु ज्याने नोंद केली त्याने पुढे पाठपुरावा केला नाही. वरिष्ठांचे म्हणणे असे की दोष माणसांचा नसून रचनेचा आहे. तर मॅट्रिक्स रचना (माणसे आपापल्या विभागात राहून प्रकल्पाचेही काम करतात ती) ठेवावी, की प्रकल्पापुरता स्वतंत्र संघ काढावा? कृपया 'जोखीम म्हणजे काय' येथून सुरुवात करू नये. जोखीम व्यवस्थापनाचे आयएसओ ३१००० हे मानक मी वाचलेले आहे.

तळटीप
प्रकल्प कशाचा आहे, त्यावर किती माणसे आहेत, त्यांतली किती पूर्णवेळ, आणि नोंद करणाऱ्या त्या सदस्याचा वार्षिक मूल्यमापन अहवाल कोण लिहितो, एवढे तरी सांगा. शेवटचा प्रश्न खोचक वाटेल, पण माझ्या मते उत्तर तिथेच दडलेले आहे.

उंटावरचा शहाणा
एवढ्या चौकशीची गरज नाही. मध्यवर्ती प्रकल्प कार्यालय स्थापन करा, सर्व प्रकल्पांच्या नोंदवह्या त्याच्या ताब्यात द्या आणि एकच नमुना सक्तीचा करा. आमच्याकडे हे केल्यापासून वरिष्ठांना प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला सर्व प्रकल्पांचे चित्र एका पानावर मिळते.

भिरभिरे
रंग देण्याची पद्धतच मुळात सदोष आहे. शक्यतेला १ ते ५ आणि परिणामाला १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार केला, की क्वचित घडणारी पण सर्वनाश करणारी घटना आणि रोज घडणारी किरकोळ घटना या दोघींनाही ५ गुण मिळतात. त्यापेक्षा प्रत्येक नोंदीसमोर अपेक्षित नुकसान दिवसांत लिहावे. त्यासाठी मी एक तक्ता तयार केलेला आहे, हवा असल्यास व्यक्तिगत निरोप करावा.

अडकित्ता
भिरभिरे, मुद्दा मान्य आहे, परंतु मी तक्ता मागितलेला नाही.

तळटीप, तपशील देतो. औषधांच्या शीतसाठवणुकीतले तापमान नोंदवून ते दूरवर कळवणारे उपकरण आम्ही तयार करत आहोत. माणसे ३८, त्यांपैकी पूर्णवेळ ११. बाकीचे सर्किट, फर्मवेअर (उपकरणात बसवलेली संगणक-प्रणाली), चाचणी आणि खरेदी या विभागांकडून अर्धवेळ मिळालेले आहेत. ज्याने नोंद केली तो चाचणी विभागातला तंत्रज्ञ आहे, पण सध्या प्रकल्पात असल्याने त्याचे मूल्यमापन प्रकल्प व्यवस्थापक करतो. यातून रचनेविषयी काय निष्पन्न होते ते मला समजलेले नाही.

निवृत्त_अभियंता
बरेच निष्पन्न होते. ज्याच्या डोक्यावर तारखेचे ओझे आहे, त्याच्याच हाताखालच्या माणसाने 'ही तारीख गाठता येणार नाही' असे लिहायचे, आणि ते वर न्यायचे की नाही हे त्या व्यवस्थापकानेच ठरवायचे, अशी तुमची सध्याची रचना आहे. तिथे पाठपुरावा होत नाही याचे नवल वाटू नये.

या बाबतीत नासाची उदाहरणे पुन्हा वाचण्यासारखी आहेत. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर अवकाशयानाच्या घन-इंधन रॉकेटांच्या कंत्राटदार कंपनीतील अभियंत्यांनी सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण करू नये अशी शिफारस केली होती. त्यांच्याच व्यवस्थापनाने ती त्याच बैठकीत फिरवली आणि दुसऱ्या दिवशी सात जण गेले. जोखीम ठाऊक होती, तिच्यावर तासन्तास चर्चाही झाली; मात्र ज्यांना ती ठाऊक होती त्यांच्या हाती उड्डाण थांबवण्याचा अधिकार नव्हता. १७ वर्षांनी कोलंबिया यान गेले, तेव्हा चौकशी मंडळाने रचनेवरच बोट ठेवले. तांत्रिक निकषांना सूट देण्याचा अधिकार एका स्वतंत्र यंत्रणेकडे असावा, तिला पैसा थेट मुख्यालयातून मिळावा आणि वेळापत्रक किंवा खर्चाची कोणतीही जबाबदारी तिच्यावर नसावी, अशी ती शिफारस होती. पैसा कुठून येतो, हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

उंटावरचा शहाणा
३८ माणसांच्या प्रकल्पाला अवकाशयानाचा दाखला देणे म्हणजे मुंगीच्या पायात घुंगरू बांधण्यासारखे आहे. एवढ्या लहान प्रकल्पात स्वतंत्र यंत्रणा परवडणार कोणाला? शिवाय मी सुचवलेले प्रकल्प कार्यालयही प्रकल्पाबाहेरच असते, म्हणजे स्वातंत्र्य आपोआप आलेच.

निवृत्त_अभियंता
ते आपोआप येत नाही. तुमचे कार्यालय प्रकल्प व्यवस्थापकांनीच भरून पाठवलेली पाने एकत्र बांधते, म्हणजे गाळणी लागून गेल्यानंतरचे पाणी मोजते. आणि परवडण्याचे म्हणाल, तर वेगळी यंत्रणा लागतच नाही. चाचणी विभागातील माणसांचे मूल्यमापन त्यांच्या मूळ विभागप्रमुखाकडे परत द्यायचे आणि लाल नोंद खाली आणण्यासाठी त्या प्रमुखाची सही लागेल असा नियम करायचा. याला खर्च काय येतो?

कातरवेळ
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही जोखीम वर कशी जाते एवढेच पाहत आहात. माझ्या अनुभवात मोठा घोटाळा आडवा होतो, म्हणजे दोन विभागांच्या मधल्या जागेत. १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान हरवले, कारण कंत्राटदाराच्या संगणक-प्रणालीतून आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत येत होते आणि मार्ग आखणारे ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून चालले होते. एअरबसच्या ए-३८० विमानाच्या २००६ मधील विलंबालाही हेच लागू पडते: हॅम्बर्ग आणि टूलूझ येथील संघ आरेखनाच्या एकाच प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते, आणि तारांचे जुडगे विमानात बसेनात. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडले होते की संस्थेत संवादाची जशी वाटणी असते, तशीच ती तिने घडवलेल्या वस्तूत उतरते. म्हणून अडकित्ता यांना माझा प्रश्न असा की, घडले ते एका विभागाच्या आत घडले, की दोन विभागांच्या सांध्यावर?

अडकित्ता
सांध्यावर. मूळ बॅटरी वेळेत मिळत नव्हती, म्हणून खरेदी विभागाने तेवढ्याच व्होल्टेजची दुसरी घेतली. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे उपकरण संदेश पाठवू लागले की व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि सगळी यंत्रणा नव्याने सुरू होते. फर्मवेअर संघाला बॅटरी बदलल्याचे ठाऊकच नव्हते. त्यांनी तीन आठवडे स्वतःच्या प्रणालीतला दोष शोधण्यात घालवले. चाचणीच्या तंत्रज्ञाने मात्र 'नवीन बॅटरी उणे तापमानात तपासलेली नाही' अशी नोंद केलेली होती. ती नंतर लालवरून पिवळी झाली.

पण माझा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. मॅट्रिक्स की स्वतंत्र संघ?

कातरवेळ
यावरून तरी स्वतंत्र संघाचा आग्रह धरू नये असे मला वाटते. तो काढला तर फर्मवेअरवाले आणि सर्किटवाले शेजारी बसतील, हा लाभ खरा आहे. परंतु खरेदी विभाग तरीही बाहेरच राहील आणि चाचणीची माणसे पूर्णपणे प्रकल्पप्रमुखाच्या मुठीत जातील. त्यापेक्षा मॅट्रिक्स तशीच ठेवून प्रत्येक सांध्याला एक नावानिशी धनी द्या. बॅटरी आणि सर्किट यांचा सांधा एकाचा, उपकरण आणि दूरसंदेशाचा दुसऱ्याचा. सुट्या भागात बदल करायचा असेल, तर त्या धन्याच्या संमतीवाचून खरेदीची मागणी पुढे सरकू नये. आणखी एक गोष्ट, जी कोणालाच आवडत नाही: या धन्यांचा निदान पाचवा हिस्सा वेळ मोकळा ठेवावा लागतो. ज्याचा प्रत्येक तास वाटून दिलेला आहे, त्याच्याकडे संमतीचे कागद आले की तो न वाचता सही करतो.

भिरभिरे
मोकळ्या वेळेचाही हिशेब माझ्या तक्त्यात आहे.

उंटावरचा शहाणा
सांध्याचे धनी ठीक आहेत, पण दोन धन्यांचे पटले नाही तर निवाडा कोण करणार? शेवटी एक मध्यवर्ती कार्यालय लागतेच.

निवृत्त_अभियंता
निवाडा प्रकल्पाच्या सुकाणू समितीने करावा आणि किती दिवसांत करावा हेही आधीच लिहून ठेवावे. आमच्याकडे ती मर्यादा दोन दिवसांची होती. त्या काळात निर्णय झाला नाही तर काम थांबलेले आहे असे समजले जाई. थांबणे हाच मूळ नियम असला की निर्णय आश्चर्यकारक वेगाने होतात. चालू राहणे हा मूळ नियम असेल, तर आक्षेप घेणाऱ्यालाच रोज नव्याने भांडावे लागते.

तळटीप
दोन गोष्टी अजून सांगितलेल्या नाहीत. 'ती नंतर लालवरून पिवळी झाली' या वाक्यात कर्ता नाही. आणि बॅटरी बदलण्याच्या मागणीवर प्रकल्पाच्या वतीने कोणी ना कोणी सही केलीच असेल. खरेदी विभाग स्वतःच्या मनाने असे करत नसतो. ही दोन नावे कळल्याशिवाय तुमच्या आराखड्यातले कुठले खोके कुठे सरकवायचे हे कोणीही सांगू शकणार नाही.

अडकित्ता
दोन्ही ठिकाणी प्रकल्प व्यवस्थापक, म्हणजे मीच. मागणीच्या नमुन्यात किंमत, पुरवठ्याची तारीख आणि व्होल्टेज एवढेच रकाने होते, आणि तिन्ही ठीक दिसत होते. रंग बदलला तो आढावा बैठकीच्या आदल्या संध्याकाळी, कारण लाल नोंद दिसली की वरिष्ठ स्पष्टीकरण मागतात आणि मला वाटत होते की आठवडाभरात चाचणी उरकून घेता येईल. शीतकक्ष दुसऱ्या प्रकल्पाने अडवून ठेवला होता, हे मला नंतर कळले. तंत्रज्ञाने पाठपुरावा केला नाही हे मी वर लिहिले ते बरोबर नाही. त्याने दोनदा विचारले होते, आणि दोन्ही वेळा मलाच विचारले होते, कारण विचारण्यासारखे दुसरे कोणी त्याच्याकडे नव्हते.

आराखड्यात आता चाचणीचे मूल्यमापन विभागप्रमुखाकडे, लाल नोंद खाली आणायला त्यांची सही, आणि बॅटरीच्या सांध्याला फर्मवेअर संघातील धनी, असे लिहिले आहे. मोकळा वेळ पाचवा हिस्सा मागितला तर सोमवारी माझी धडगत नाही. दहावा हिस्सा चालेल का?

कातरवेळ
दहाव्या हिश्शात बैठकाच होतील. पाचवाच मागा, मिळेल तो सातवा असेल.