शिट्झूसोबत राहताना : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

फ्लॅटमध्ये कुत्रा घ्यायचा विषय निघाला की हल्ली आपल्याकडे पहिलं नाव येतं शिट्झूचं. पिल्लू गोंडस, पूर्ण वाढ झाल्यावरही वजन ४ ते ७ किलो, भुंकणं बेताचं. पण पुढची दहा-पंधरा वर्षं त्याच्यासोबत कशी जातात, हे दुकानात कुणी सांगत नाही. ज्यांच्या घरी आहे किंवा होता, त्यांनी मोकळेपणी लिहा : स्वभाव, केस, डोळे, आपली दमट हवा, सगळंच.

माझं ठाम मत आधीच सांगते. घर दिवसभर बंद राहणार असेल तर हा कुत्रा आणू नका. चीनच्या राजवाड्यात याला सांभाळलं ते माणसाच्या सोबतीसाठी, राखणीसाठी किंवा शिकारीसाठी नाही. माणूसच दिसेनासा झाला की तो झुरतो. आमच्या घोडबंदर रोडच्या इमारतीत एक आहे, दिवसभर एकटा. पुढचे पंजे चाटून चाटून लाल झालेत त्याचे.

नेरूळ

लाडू आला तो सासरे निवृत्त झाल्यावर. अप्पा पेपर घेऊन बसले की हा त्यांच्या पावलावर हनुवटी टेकतो. त्यांनी पाय हलवला तर उठतो, पाय स्थिर होईपर्यंत थांबतो आणि परत तिथेच टेकतो. खालच्या बाकावरच्या सगळ्या आजोबांशी अप्पांची ओळख लाडूनेच करून दिली.

राखणीची अपेक्षा मात्र सोडा, गॅसवाल्याचंही स्वागत होतं. हट्टीपणाही भरपूर. शी-शूची जागा शिकायला बरेच महिने लागतात. ओरडलं की रुसून सोफ्याखाली जातो. वेळ ठरलेली हवी आणि जागेवर केलं की लगेच खाऊ, एवढंच कामी आलं. पाहुण्यांना आम्ही दारातच सांगतो, प्रसादाचा शिरा देऊ नका. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा-लसूण घातलेली आमटीही नाही.

नौपाडा, ठाणे

मला डोळ्यांबद्दलच लिहायचंय, कारण यात तास मोजावे लागतात.

यांचे डोळे मोठे, खोबणी उथळ. केसाचं टोक, धूळ, पडद्याची कड, काहीही लागतं. आमची चिंगी एका संध्याकाळी डावा डोळा अर्धा मिटून बसली. पाणी येत होतं आणि ती पंजाने तोंड घासत होती. बाकी खाणंपिणं नेहमीसारखं. एक जण म्हणाले, घरात ड्रॉप्स असतील ते घाला, उद्या बघू. आम्ही त्याच रात्री डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब टाकला आणि निळा दिवा धरला. बुबुळावर हिरवा ठिपका चमकला. तो अल्सर, म्हणजे बुबुळावरची जखम. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड असलेले ड्रॉप्स घातले असते तर जखम खोल गेली असती, अशा वेळी डोळा फुटूही शकतो. माणसांच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असतं, म्हणून घरातली बाटली उघडूच नका.

मग डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन, आणि रात्रीसुद्धा अलार्म लावून औषध. डोळा वाचला. आता रोज सकाळी ओल्या कापसाने डोळ्यांचे कोपरे पुसतो, नाकावरचे केस डोळ्यात जाणार नाहीत असे ठेवतो. फिरवताना गळ्याला पट्टा नाही, छातीचा हार्नेस. गळा आवळला की श्वासावर ताण येतो, डोळ्यातला दाबही वाढतो.

ऐरोली

नाक चपटं, त्यामुळे धापा टाकूनही अंग लवकर थंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये आम्ही उजाडताना फिरवतो, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. हवा दमट असेल तर ऊन नसतानाही त्रास होतो, हे मुंबईबाहेरच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. श्वासाला घरघर लागली, जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली की सावलीत घ्या, पोटावर आणि पंजांवर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि थेट दवाखाना गाठा. बर्फात बुडवू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं तर वाट बघू नये. वजनही आटोक्यात हवं, जाड शिट्झूला श्वास आणखी कमी पडतो.

वाशी

मी ग्रूमिंगचं काम करते. लांब केस फोटोत छान दिसतात, आपल्या हवेत मी पपी कटच (सगळीकडून आखूड केस) सुचवते. जमिनीपर्यंत केस ठेवायचे असतील तर रोज विंचरायची तयारी हवी. नुसती पाठ विंचरून उपयोग नाही; गुंता होतो कानामागे, काखेत आणि हार्नेस घासतो तिथे. आंघोळीच्या आधी गुंता सोडवा, भिजला की तो नमद्यासारखा घट्ट बसतो आणि मग कापावाच लागतो. मुळापर्यंत वाळवा, नाहीतर पावसाळ्यात त्वचेला फंगस. साधारण वर्षभराचं होताना पिल्लाचे केस बदलतात, तेव्हा गुंता अचानक वाढतो आणि लोक घाबरून येतात. ते नैसर्गिक आहे.

कोपरी, ठाणे पूर्व

पावसाळ्यात गोचिडांचं औषध एकदाही चुकवू नका. खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, ताप आला तर रक्त तपासून घ्या, टिक फीवर (गोचिडांमुळे होणारा ताप) असू शकतो. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी. साचलेल्या पाण्यातून चालवत नेऊ नका, उचलून घ्या.

सीवूड्स

पिल्लूच हवं असं नाही, हे सांगायला लिहितेय. आमची राणी मोठी होऊन आली. एका पैदास करणाऱ्याने पिल्लं घेऊन घेऊन झाल्यावर सोडून दिलेली. जबडा छोटा, दात दाटीचे, त्यामुळे या जातीत हिरड्यांचा आजार लवकर होतो. तिचे तर बरेच काढावे लागले. आता मऊ भात आणि उकडलेलं चिकन कुस्करून खाते आणि जे दात उरलेत ते आम्ही कुत्र्यांच्या पेस्टने घासतो. माणसांची पेस्ट वापरायची नाही.

सुरुवातीला हात वर केला की ती जमिनीला चिकटायची. आम्ही तिला उचललं नाही, नुसते शेजारी जमिनीवर बसायचो. आता माझ्याआधी दाराशी पोहोचते. लिफ्टवरून सोसायटीत कुरकुर झाली, तेव्हा प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना छापून समितीला दिल्या : सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. कुणाला हव्या असतील तर इथे लिहा, पाठवते. आणि मोठा शिट्झू दत्तक घ्यायचा विचार असेल तर राणीच्या जुन्या तपासण्यांबद्दलही विचारा, सगळं सांगेन.