व्हेंटिलेटर काढायची मुभा आहे, मग मरण मागायची का नाही?

रंकाळाकर:
सरळ मुद्द्यावर येतो. 2018 ला सुप्रीम कोर्टानं कॉमन कॉज या संस्थेच्या केसमध्ये सांगितलं की सन्मानानं मरणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, लिव्हिंग विल, म्हणजे पुढं शुद्ध नसेल तेव्हा कुठले उपचार नकोत ते सांगणारा कागद, आधीच करून ठेवता येतं, बरं व्हायची आशाच नसेल तर व्हेंटिलेटर काढता येतो. बरं झालं. पण ज्याला मशीनच लावलेलं नाही त्यानं काय करायचं? माझ्या मावशीला जबड्याचा कॅन्सर होता, मिश्रीची सवय जन्माची, शेवटी शेवटी पूर्ण शुद्धीत होती, चमच्यानं पेज जेमतेम जायची, आणि रोज पाटीवर लिहायची, आता सोडवा रे मला. तिच्या अंगावरून काढण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणजे तिला दारच नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये 1997 पासून कायदा आहे, सहा महिन्यांच्या आत मरण येणार असं दोन डॉक्टरांनी सांगितलं की पेशंट मरणाचं औषध मागू शकतो आणि ते स्वतःच्या हातानं घेतो. आपल्याकडं एवढं तरी पाहिजे.

करवीरचा शेतकरी:
दादा, दुःख कळतंय, पण कायद्याला माझा विरोध. खेड्यात या, घरोघरी एक म्हातारी "देवानं आता न्यावं" म्हणत असतीय. का म्हणतीय ते बघा. सून बोलत नाही, पोरगा पुण्याला, औषधाच्या खर्चावरून आवाज चढतो तो तिला ऐकू येतो. उद्या त्या बोलण्याचा अर्ज झाला तर? सातबाऱ्यावर तिचं नाव आहे हो. कॅनडानं 2016 ला कायदा केला तेव्हा मरण जवळ आलेलं असलं पाहिजे अशी अट होती, 2021 ला ती काढून टाकली. आणि अरुणा शानबाग आठवा. हल्ल्यात मेंदूला इजा झालेल्या त्या नर्स, 1973 पासून 2015 पर्यंत मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये होत्या, बाहेरच्यांनी त्यांच्यासाठी मरण मागितलं, पण रोज भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या नर्स नको म्हणाल्या आणि 2011 ला कोर्टानं त्यांचंच मानलं.

रात्रपाळीची सिस्टर:
दादा, मावशींना मॉर्फिनची गोळी मिळाली होती का? मॉर्फिन म्हटलं की 1985 चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, लायसन, रजिस्टर, म्हणून मेडिकलवाला ठेवत नाही आणि डॉक्टर लिहीत नाही, 2014 ला कायदा सोपा केला तरी भीती गेलेली नाही. केरळात कोझिकोडला 1993 पासून असं दुखणं आवरायचं काम सुरू झालं, डॉक्टर, नर्स आणि गावातलेच स्वयंसेवक घरी जाऊन पेशंट बघतात. ते आधी करा ना इथं. रात्री कळवळून मरण मागणारा पेशंट दुखणं आवरलं की सकाळी चहा मागतो, मी स्वतः बघितलंय. आणि एक बोलतेच. नातेवाईक आयसीयूत म्हणतात सगळं करा, पैसे संपले की सही करून नेतात, अँब्युलन्समध्ये अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत दाबत, आणि घरी खाली ठेवलं की नळी काढतात. ना डॉक्टरांचं बोर्ड, ना कागद, पेशंटला काय पाहिजे होतं ते शुद्धीत असताना कुणीच विचारलेलं नसतं. याचा मला फार त्रास होतो.

रंकाळाकर:
मिळाली सिस्टर, पण उशिरा. ठणका कमी झाला हे खरं. पण जखमेचा वास, गळणारी लाळ, नातवंडं दारातूनच परत फिरायची, त्याला कुठली गोळी? तिनं मरण मागायचं थांबवलं नाही, फक्त शांतपणे मागायला लागली.

हातकणंगलेकर:
आमच्या जैन समाजात सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारायचं व्रत, आहे म्हणून लिहितो. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 ला कुंथलगिरीला घेतली. जैनेतरांत सावरकरांनी 1966 ला, विनोबांनी 1982 ला पवनारला अन्न-औषध सोडलं. 2015 ला राजस्थान हायकोर्टानं सल्लेखना म्हणजे आत्महत्याच असं ठरवलं आणि त्याच ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. पण यात दुसऱ्याच्या हाताला काम लागत नाही, आणि मन बदललं तर बदलायला वेळ असतो. डॉक्टरच्या हातून विष मागणं मला म्हणूनच पटत नाही. कुणाला आता जेवायचं नाही, सलाईन नको, तर जबरदस्तीनं नळी घालू नका एवढंच म्हणणं.

कोर्टातला कारकून:
माहितीसाठी. लिव्हिंग विलला आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. उपचार थांबवायची वेळ आली की हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं पहिलं बोर्ड, मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं (सीएमओ) नेमलेला एक डॉक्टर, प्रत्येकानं शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. इच्छापत्र करायला लोक रांग लावतात, कारण त्यात जमीन असते. लिव्हिंग विलचं मात्र कुणी विचारत नाही.

रंकाळाकर:
करवीरच्या दादांची भीती मी मोडीत काढत नाही. मग वारसांना बाहेर बसवा, डॉक्टर आणि बाहेरचा समुपदेशक यांनी पेशंटशी एकट्याशी दोनदा बोलावं, मध्ये पंधरा दिवस जाऊ देत. पण एका म्हातारीवर दबाव येईल म्हणून दुसरीला सडत ठेवायचं, हा न्याय मला मान्य नाही.

करवीरचा शेतकरी:
एकटीशी बोलला तरी ती पोराचं नाव सांगणार आहे का? आयुष्यभर ज्यानं मारलं त्या नवऱ्याचं नाव पण सांगितलं नाही तिनं, पायरीवरून पडले म्हणाली. पंधरा दिवसांनी परत विचारा, तेच सांगेल. लिव्हिंग विलला माझा विरोध नाही, नळी नको म्हणायचा हक्क तिला आहेच, आणि सिस्टर म्हणतात ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली पाहिजे. मरणाच्या औषधाच्या कायद्याला माझं मत नाहीच.