मदत हवी आहे : १९६४ ची कॉर्व्हेअर, हीटर लावला की जळक्या तेलाचा वास

शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मोंझा, १६४ घनइंची एअर-कूल्ड फ्लॅट-सिक्स (हवेने थंड होणारं, सहा आडव्या सिलिंडरांचं इंजिन). पुशरॉड ट्यूबचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांभोवतीच्या नळ्यांचे) चोवीसही ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी गोल रबरी सील (१२ ट्यूब, प्रत्येकीला दोन), व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराचे घातलेत. जुने उष्णतेने काचेसारखे कडक झाले होते, काढतानाच तुकडे पडले. तरी इंजिन तापलं की एक्झॉस्टवर तेलाचे थेंब पडून धूर येतो. हीटरची हवा इंजिनवरूनच येत असल्याने वास थेट केबिनमध्ये! शोमध्ये गाडीखाली पुठ्ठा ठेवावा लागतो, हे बरं दिसत नाही.

व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट नवे आहेत. आता संशय दोनच : ऑइल कूलरचे सील की रॉकर स्टडखालचे ओ-रिंग? व्हॉल्व्हचे रॉकर ज्यांवर बसतात तेच स्टड सिलिंडर हेडही आवळून धरतात; ते सैल केले तर हेडचा टॉर्क (आवळण्याचा जोर) बिघडतो, म्हणून उगाच हात लावायचा नाही. आधी काय तपासावं? यूव्ही डाय (तेलात घालायचा, अतिनील प्रकाशात चमकून गळती दाखवणारा रंग) कोणी वापरलाय का?