शो-जंपिंगची (अडथळ्यांवरून उड्या मारणारी) घोडी लहान रायडरला विकायची आहे, ट्रायलबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी. मुलगी शिकायला बाहेरगावी चालली आहे, म्हणून तिची घोडी विकायची आहे. रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड, वय ११, उंची १५.२ हँड (सुमारे १५७ सेंमी), मुक्काम पुणे. १ मीटर उंच अडथळ्यांचा कोर्स शांतपणे करते. टेक-ऑफ (उडी घेण्याचा क्षण) चुकला तरी मुलाला सांभाळून घेते, हाच तिचा खरा गुण. तोंड मात्र नाजूक आहे, लगाम ओढणारा हात तिला चालत नाही. पासपोर्ट (घोडीचं ओळखपत्र) आहे, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची चाचणी निगेटिव्ह, जुनी दुखापत नाही.

क्लबांत विचारून झालं. एकांना रोज चार-पाच नवशिके बसवायचे होते, नाही म्हटलं. वरातीसाठी देणार नाहीच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मागणी मारवाडी-काठेवाडी जातीच्या घोड्यांना, तिथे उडी कोण बघणार?

आता एका १३ वर्षांच्या मुलाच्या पालकांना ती पसंत पडली आहे, पण त्यांना आधी दोन आठवडे ट्रायलसाठी स्वतःच्या तबेल्यात न्यायची आहे. मागणी रास्त वाटते. पण त्या काळात तिचा पाय दुखावला तर खर्च कोणाचा? रोज किती उड्या, किती उंचीच्या, हे लेखी कसं घालावं? अनामत किती घ्यावी? असा करार कोणी केला आहे का?