थंडीत मॅनेटींजवळ कयाक न्यावी का? माझं मत: नको

टॅम्पाची_ठमी:
नाताळची सुट्टी जवळ आली की कुणी ना कुणी विचारतंच, फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हरला कयाक (वल्ह्याची छोटी होडी) भाड्याने कुठे मिळते, मॅनेटी (पाण्यात राहणारे, गवत खाणारे मोठे सस्तन प्राणी) अगदी जवळून दिसतात ना. दिसतात हो. पण कडाक्याची थंडी असेल त्या दिवशी तरी त्यांच्यात घुसू नका असं माझं स्पष्ट मत आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं ते धूड बघून वाटतं की नुसती चरबी असणार, पण देवमाशासारखा चरबीचा जाड थर याला नसतोच, पाणी २० डिग्रीच्या खाली जाऊन तसंच राहिलं की आजारी पडतो, मरतोसुद्धा. क्रिस्टल रिव्हरच्या किंग्ज बे या खाडीतल्या झऱ्यांचं पाणी बारा महिने २२ डिग्रीच्या आसपास, म्हणून बाहेरचं मेक्सिकोचं आखात गार पडलं की सगळे तिकडे धावतात. आणि आपण त्यांच्या डोक्यावर वल्ही आपटत फिरायचं? त्यापेक्षा ब्लू स्प्रिंग पार्कमधल्या झऱ्याला जा. तिथे मॅनेटींच्या सीझनमध्ये पाण्यात उतरायलाच बंदी असते, लाकडी पुलावरून बघायचं, पाणी इतकं नितळ की पिल्लू आईच्या बगलेला चिकटून दूध पिताना दिसतं.

वल्हेबहाद्दर:
साफ अमान्य. मॅनेटीच्या पाठीवर त्या पांढऱ्या समांतर रेघा बघितल्यात का? त्या मोटरबोटीच्या पंख्याच्या, कयाकच्या नाहीत. इतक्यांच्या अंगावर असतात की अभ्यासक त्या व्रणांवरूनच कोण कोणता ते ओळखतात. आणि २०२१ साली फ्लोरिडात हजाराच्या वर मॅनेटी मेले तेव्हा त्यातले बरेचसे उपाशी मेले, फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगून या उथळ खाडीत खतं आणि सांडपाणी उतरून शेवाळ माजलं आणि खालचं गवत उजेडाअभावी गेलं. शेवटी सरकारने लेट्यूसचे गड्डे पाण्यात टाकून जगवले. त्यावर कोणी बोलत नाही, गरीब बिचारा कयाकवाला सापडतो सगळ्यांना.

टॅम्पाची_ठमी:
मोटरबोट वाईट म्हणून कयाक चांगली, हे कुठलं लॉजिक? दोन्हीवर बोलू की.

ऑर्लँडोचा_आबा:
अहो पण नियम आधीच आहेत. किंग्ज बेला लागूनच्या थ्री सिस्टर्स स्प्रिंग्ज या झऱ्यांमध्ये १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च कयाक आत नेताच येत नाही, आणि जास्त थंडी पडली की पोहणाऱ्यांनाही बाहेर काढतात. बाजूच्या राखीव भागांना दोऱ्या आणि बोये लावलेत. दोरीच्या बाहेर राहा, विषय संपला.

नीलू२२:
आबा, विषय तिथेच तर सुरू होतो! आत बंदी म्हणून सगळ्या कयाक त्या झऱ्याच्या चिंचोळ्या तोंडाशी गर्दी करतात आणि मॅनेटींना चरायला जायचं-यायचं तर वाट तीच एक. गेल्या जानेवारीत मी स्वतः बघितलं, एक मॅनेटी बाहेर यायला निघाला, समोर सात-आठ जण मोबाईल काढून आडवे, तो थांबला, नाकपुड्यांची झाकणं उघडून फुस्स करून श्वास घेतला आणि मागे वळला. दोरी कुणीच ओलांडली नव्हती हां. नियमात सगळं व्यवस्थित.

वल्हेबहाद्दर:
एक प्राणी मागे वळला यावरून बंदी? माझ्याकडे तर ते आपणहून येतात, कयाकच्या बुडाला पाठ घासतात, मी काय करू, उडून जाऊ?

नीलू२२:
वल्हं वर, हात आत, गप्प बसा. त्यांना प्यायला बाटलीतलं पाणी ओतायचं नाही, खायला पालेभाजी तर अजिबात नाही. फेडरल कायद्यात ५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षापर्यंत तुरुंग आहे.

मालवणी_माज:
मी सिंधुदुर्गातून वाचतोय. आमच्याकडे डॉल्फिन दिसला रे दिसला की चार बोटी इंजिन भडकवून मागे, पर्यटक शिट्ट्या मारतात. त्या मानाने तुमचं भांडण फारच सुसंस्कृत आहे 😀 पण एक विचारतो, जवळून बघितलंच नाही तर लोकांना त्या प्राण्याचं काही वाटणार कसं? माझ्या पोराला वाघाची माया सफारीनंतरच लागली.

टॅम्पाची_ठमी:
पुलावरून वाटतं की! माझ्या सासूबाईंना पाण्याची भीती, त्या दोन तास कठड्याला टेकून उभ्या होत्या, हलायला तयार नाहीत. आणि बघा ना, ज्या दिवशी थंडी जास्त त्या दिवशी मॅनेटी जास्त, मग टूरवाले पहाटेचं बुकिंग त्याच दिवसाचं आधी खपवतात. नेमकी हीच वेळ सोडा एवढंच म्हणतेय.

वल्हेबहाद्दर:
ती वेळ सोडली तर बघायचं काय, डोंबल? ऊन पडून आखात तापलं की ते पांगतात. लांबून आलेला माणूस रिकाम्या पाण्यात वल्हवणार नाही. त्या तोंडाशी एका वेळी किती कयाक, यावर मर्यादा घाला, मला चालेल, रांगेत उभा राहीन. घरी बसणार नाही.

ऑर्लँडोचा_आबा:
मर्यादेला माझाही पाठिंबा. फक्त ती मोजायला पहाटे तिथे उभं कोण राहणार ते सांगा, मी तर नाही बुवा.